आधी गोदा

काउंटसाहेबांनी गोदाच्या कपाळावर खडूची फुली काढवून घेतली, ती चुकीच्या जागी.

स्वतः नाही काढली. शिडी चढायची म्हणजे फरचा कोट सावरायचा, कोटावरचा पट्टा सावरायचा, पट्ट्यातला सुरा सावरायचा. त्यांनी खालून काठीनं जागा दाखवली आणि आमच्या मालकानं, मुस्यो बोनारनं, शिडीवर चढून खडू ओढला.

“आणखी वर,” काउंट म्हणाले. “हां, बरोब्बर तिथं. हिंदुस्थानात नऊ हत्ती लोळवलेत मी. नऊच्या नऊ तिथंच.”

“नऊ!” बोनार शिडीवरून म्हणाला. “ऐकलंस ना, दस्तगीर? नऊ!”

दस्तगीर म्हणजे आमचे हे. गोदाचे महात. ते तिच्या पुढच्या पायाला पाठ लावून उभे होते. ऐकलं की नाही ते चेहऱ्यावरून कळेना.

मी पालथ्या बादलीवर बसले होते. सातवा महिना लागला होता आणि जरा उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. मी आपल्या भाषेत हळूच म्हटलं, “अहो, तिथं तर पोकळ हाड असतं ना?”

“गप.”

“तुमचे अब्बा सांगायचे, कपाळावरची ती दोन टेंगळं म्हणजे मधाचं पोळं. गोळी तिथं जाऊन अडकून बसते. जनावर मरत नाही, नुसतं...”

“जैतून, गप म्हटलं ना.”

गोदानं सोंड उचलून शिडीवरच्या बोनारचा कोट हुंगला. एक खिसा, मग दुसरा खिसा. पूर्वी त्या खिशांत साखरेचे खडे असत. काहीच सापडलं नाही तेव्हा तिनं सोंडेचं ओलं टोक त्याच्या गालाला लावलं. बोनार शहारला.

“किती लाघवी आहे!” काउंट म्हणाले. “ठीक, उद्या सकाळी दहाला. चित्रकार येणार आहे, त्याला उजेड लागतो.”

हे पॅरिस शहर. इसवी सन अठराशे सत्तर नुकतं सरलं होतं, आणि त्या साली फ्रान्सनं जे जे म्हणून करून ठेवलं ते निस्तरायचं काम एकाहत्तरावर येऊन पडलं होतं. उन्हाळ्यात त्यांचा बादशहा बँड वाजवत प्रशियाशी लढायला गेला. सप्टेंबरात फौजेसकट पकडला गेला. बादशहा गेला म्हणून लोक रस्त्यात नाचले, एकमेकांच्या गळ्यात पडले, प्रजासत्ताक आलं म्हणून टोप्या उडवल्या. नाच संपतो न संपतो तो प्रशियाच्या फौजेनं शहराला वेढा घातला होता. आत वीस लाख माणसं आणि आमची गोदा.

आम्ही तिथं कसे, तर तीन वर्षांपूर्वी तिथं मोठं प्रदर्शन भरलं होतं. कृष्णाकाठच्या आमच्या राजेसाहेबांना कुणीतरी सांगितलं की हत्ती पाठवलात तर बादशहा तुमचं नाव लक्षात ठेवील. राजेसाहेबांनी हत्तीण पाठवली, हत्तिणीबरोबर महात पाठवला, महाताबरोबर मी. माझं पहिलं मूल कडेवर होतं. आफ्रिकेला वळसा घालताना ते तापानं गेलं, त्याला समुद्रात सोडलं. बादशहानं राजेसाहेबांचं नाव लक्षात ठेवलं असेल तर ते त्यालाच ठाऊक. प्रदर्शन उठलं, तंबू निघाले, गोदाला परत न्यायचं मात्र कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

बोनारनं तिला घेतलं. शहराच्या कडेला त्याची बाग होती. बागेत दोन उंट, सांबरं, माकडं, एक म्हातारं अस्वल आणि कॉफीच्या टेबलांच्या रांगा. बायका कॉफी प्यायच्या, मग गोदावर बसून बागेला एक फेरी मारायच्या आणि खाली उतरून सांगायच्या की हिंदुस्थान त्यांना फार आवडला. बोनारनं गोदाचं नाव ‘डचेस’ ठेवलं होतं. त्या नावाला ती तीन वर्षांत एकदाही वळली नाही.

वेढा पडला तसे आधी घोडे संपले. मग कुत्री, मग मांजरं. कसायाच्या दुकानात उंदीर मांडलेले मी पाहिलेत, सगळ्यांच्या शेपट्या एका बाजूला. बोनारच्या बागेतलं एकेक जनावर मोठ्या खानावळींत गेलं. आमच्या गल्लीत उंदीर, तिकडे मोठ्या रस्त्यावर उंट. तिकडे उंटाचं नाव सोनेरी अक्षरांत छापत आणि बरोबर जुनी दारू देत, एवढाच काय तो फरक.

प्रत्येक जनावर गाडीत चढवताना बोनार रडायचा. खरं रडायचा, रुमाल पिळून काढावा असा भिजायचा. अस्वलाच्या वेळी तर त्याला बसायला खुर्ची द्यावी लागली. डोळे पुसून झाले की यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, “पण डचेसची गोष्ट निराळी. डचेस घरातली आहे.” अस्वलही घरातलंच होतं. त्याच्या वाढदिवसाला बोनार त्याला स्वतःच्या हातानं केक भरवायचा.

गोदाला दिवसाला गाडीभर चारा लागायचा. होता नव्हता तो चारा फौजेनं नेला. तिनं बागेतल्या झाडांच्या साली सोलून खाल्ल्या. आमच्या गाद्यांतला पेंढा खाल्ला. मग यांनी कॉफीच्या टेबलांजवळच्या गवती विणीच्या खुर्च्या आणून टाकल्या आणि तिनं बसायची जागा तेवढी खाल्ली, लाकडी सांगाडे नीट बाजूला ठेवले. ज्या खुर्च्यांवर बसून बायांना हिंदुस्थान आवडायचा, त्या अशा सार्थकी लागल्या.

शिवाय आमचा पाव.

यांच्या घराण्याचा सात पिढ्यांचा रिवाज होता. आधी हत्तीच्या तोंडात घास, मग महाताच्या घरात. लग्न होऊन आले तर दुसऱ्याच दिवशी सासूनं मला रोट भाजायला बसवलं आणि पहिला रोट हातात देऊन हत्तीखान्यात उभं केलं. गोदानं तो माझ्या हातून घेतला तेव्हा मी त्या घरची झाले. निकाह आदल्या दिवशी लागला होता, पण त्याला तिथं कुणी फारसं विचारत नव्हतं. तेव्हापासून रोज सकाळचा पहिला घास माझ्या हातचा. “गोदा, बैठ,” म्हणायचं, ती बसायची, तोंड उघडायची.

कृष्णाकाठी हे सगळं छान होतं. पॅरिसमध्ये जानेवारीत माणशी तळहाताएवढा पाव मिळायला लागला, त्यात पीठ कमी आणि कोंडा जास्त, कोंड्यातही कसला तरी भुसा. थंडी अशी की नदीतून बर्फाच्या लाद्या वाहत होत्या. मी तीन तास रांगेत उभं राहून दोघांचा पाव आणायचे. हे तो माझ्या हातून घ्यायचे आणि गोदाच्या तबेल्याकडे निघायचे.

“अहो, थोडा तरी ठेवा.”

“आधी गोदा.”

“तिच्या दाढेला तरी लागतो का तो?”

“तिला नसेल लागत. मला लागतो.”

“आणि माझ्या पोटातल्याला?”

मग ते थांबायचे. माझ्या वाटच्या पावाचे दोन तुकडे करायचे, एक माझ्या हातावर ठेवायचे. स्वतःचा मात्र अख्खा घेऊन जायचे. ते स्वतः काय खात होते हे मला आजतागायत कळलेलं नाही.

रांगेत शेजारची क्लेमाँस असायची. धोबीण, आवाज असा की दोन गल्ल्यांना भांडण ऐकू जावं.

“तुझा नवरा हत्तीला पाव घालतो, खरं का गं?” ती एकदा सगळ्यांच्या देखत म्हणाली.

“कुणी सांगितलं?”

“अख्खी गल्ली सांगते. माझी पोर भिंतीचा चुना चाटते आणि तुमचं जनावर पाव खातं.”

“जनावर नाही. गोदा.”

“बरं बाई, गोदा. तिला विचार, नवरा करून घेतेस का? माझा म्हातारा देते. तोही नुसता खातो आणि उभा असतो.”

रांग हसली. हसायला कुणात ताकद उरली होती याचंच मला नवल वाटलं. मग क्लेमाँसचं लक्ष माझ्या पोटाकडे गेलं. “मर तू एकदाची,” ती म्हणाली, मला दंडाला धरून पुढं ओढलं, तिच्या जागेवर उभं केलं आणि स्वतः बारा बायका मागं माझ्या जागेवर जाऊन उभी राहिली.

फुली काढायच्या आदल्या दिवशी बोनार आमच्या खोलीत आला. रुमाल आधीच हातात.

“मित्रा,” तो यांना म्हणाला. बोनार ज्याला मित्रा म्हणायचा त्याची धडगत नसायची. “ती उपाशी मरतेय. आपण नुसतं बघत बसायचं? हा क्रूरपणा माझ्याच्यानं बघवत नाही.”

“मग चारा आणा,” हे म्हणाले.

“चारा कुठून आणू? पण काउंट द मोर्व्हील आहेत, फार थोर शिकारी. त्यांनी स्वतः होऊन विचारलंय. एकच गोळी. तिला कळणारसुद्धा नाही. आणि त्यानंतर...”

“कसाई,” मी म्हटलं.

“फार नामांकित खानावळ आहे ती,” बोनार दुखावल्या आवाजात म्हणाला. “शहरातले मोठमोठे लोक येतात. मित्रा, तुला काही करायचं नाही. तिला अंगणात आणायचं आणि खाली बसवायचं. उभ्या हत्तीवर नेम लागत नाही म्हणतात. ती तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही, हे मी का तुला सांगायला हवं?”

“नाही,” हे म्हणाले.

“खानावळवाल्याकडे पांढरं पीठ आहे. अख्खं पोतं देईन म्हणालाय. तुझ्या बायकोचं बाळंतपण...”

“नाही.”

आरडाओरड नाही, हातवारे नाहीत. बोनारनं डोळ्यांना रुमाल लावला आणि तो गेला. मी त्या दोघांकडे बघत नव्हते. मला डोळ्यांपुढं पांढरं पीठ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी काउंट आले, फुली काढून झाली, शिडी उचलली गेली. ते सगळे गेल्यावर मी बादलीवरून उठले.

“जागा दाखवा त्यांना,” मी यांना म्हटलं. “तुम्हाला ठाऊक आहे. अब्बांनी दाखवली होती ना राजेसाहेबांच्या लोकांना, तो माजलेला सुळेवाला मारायचा होता तेव्हा.”

“अब्बा त्यानंतर वर्षभर कुणाशी बोलले नाहीत.”

“नाही दाखवलीत तर हे लोक चाळण करतील तिची.”

“चुकू दे त्याला. चुकला की ती उधळेल. भिंत पाडेल, फाटक पाडेल. दोन-चार काउंट येऊ देत पायाखाली.”

“आणि मग जाईल कुठं? भिंतीपलीकडे वीस लाख भुकेली माणसं आहेत, अहो. सुऱ्या घेऊन.”

ते गोदाच्या बरगड्यांवरून हात फिरवत राहिले. एकेक बरगडी वेगळी दिसत होती. ती उठायची ती भिंतीचा आधार घेऊन.

“वेढा उठेल,” ते म्हणाले. “आज ना उद्या उठेल.”

“हे तुम्ही नोव्हेंबरपासून सांगताय.”

“जैतून, ही गेली तर मी कोण?”

“आणि हे गेलं तर मी कोण?” मी पोटावर हात ठेवला.

त्यांनी फडक्यात बांधलेला पाव घेतला, दोघांचाही. माझ्या वाटच्याचे दोन तुकडे केले नाहीत. “उद्याचं काय ते उद्या,” म्हणाले, “आज तिला सगळं खाऊ दे.” आणि गोदानं तो सगळा पाव एकाच घासात खाल्ला, आणि सोंडेनं यांचे हात उलटेसुलटे करून पाहिले, आणखी कुठं लपवलाय का म्हणून.

दुसरा दिवस लख्ख उजाडला. अंगणात बर्फ. कसायाची तीन माणसं मोठी गाडी घेऊन आलेली. चित्रकार बोटांवर फुंकर मारत कागद लावत होता. बोनारच्या घराच्या खिडकीत दोन बाया बसल्या होत्या, नाटकाला जाताना घेतात तसल्या दुर्बिणी घेऊन.

यांनी गोदाचा साखळदंड सोडला आणि मग तबेल्याच्या दारात भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. इतकंच. पुढं एक पाऊल नाही.

गोदा आपली आपण बाहेर आली. ऊन होतं म्हणून आली असेल.

“बसव तिला,” बोनार म्हणाला. हे हलले नाहीत. “दस्तगीर! मित्रा!”

“असू द्या,” काउंट म्हणाले. “हिंदुस्थानी जनावराशी हिंदुस्थानी बोलावं लागतं.” त्यांनी खुंटीवरचा अंकुश घेतला, खिडकीकडे एकदा पाहून घेतलं आणि छाती भरून ओरडले, “जल्दी! सलाम! पानी लाव!”

आपल्या हिंदुस्थानच्या दौऱ्यात ते कुणाकुणाशी बोलले असतील ते तेवढ्यावरून कळलं. गोदा त्यांच्याकडे बघत राहिली. सगळ्यात तिला एक पाणी तेवढं ठाऊक होतं. ती वळली, हौदावरचा बर्फ पायानं फोडला, सोंड भरून घेतली आणि समोर कुणी बादली धरलेली नाही असं बघून, शिकवलं होतं तसं, अगदी अदबीनं, ते पाणी हुकूम करणाऱ्याच्या पायांशी ओतलं. काउंटसाहेबांचे बूट भिजले, फरच्या कोटाचं टोक भिजलं. खिडकीतल्या बाया खिदळल्या.

काउंट लाल झाले. त्यांनी अंकुश टाकला, बंदूक उचलली आणि उभ्या गोदाच्या फुलीवर गोळी झाडली.

नेम चुकला असं मी म्हणणार नाही. फुलीवर बसली गोळी. गोदानं मान झटकली, माशी बसल्यावर झटकावी तशी. मग खडूच्या पांढऱ्यातून लाल खाली आलं, तिच्या डोळ्यात गेलं, आणि तिनं जो आवाज काढला तो आवाज मी सांगू शकत नाही. कसायाची माणसं गाडीखाली शिरली. बोनार शिडीमागं लपला.

ती उधळली नाही. यांनी जे जे म्हटलं होतं त्यातलं तिनं काही केलं नाही. ना भिंत, ना फाटक, ना काउंट. ती अडखळत तबेल्याच्या दारापाशी गेली आणि यांच्या खांद्यावर सोंड ठेवून उभी राहिली.

“पुन्हा मारा!” शिडीमागून बोनार ओरडला. “देवाशपथ, पुन्हा मारा!”

काउंट काडतूस भरत होते. एक बर्फात पडलं. “ती हलतेय,” ते म्हणाले. “हलत्या जनावरावर गोळी चालवणं शिकाऱ्याला शोभत नाही.”

“अहो,” मी म्हटलं. “बोला तिच्याशी. सांगा तिला.”

यांनी तिची सोंड दोन्ही हातांनी धरली, तेवढंच. त्यांच्या खांद्यावरून रक्त खाली येत होतं, तिचं.

मी पुढं गेले. पाय बर्फात रुतत होते, पोट दोन्ही हातांनी धरलं होतं.

“गोदा,” मी म्हटलं. “बैठ.”

ती माझ्याकडे वळली. बसली. आधी मागचे पाय, मग हळूहळू पुढचे. आणि तिनं तोंड उघडलं.

माझ्या हातात काही नव्हतं. मी रिकामा हातच तिच्या तोंडात ठेवला. तिनं तो जिभेनं चाचपला, धरला, आणि तशीच राहिली.

मान वळवून मी काउंटना म्हटलं, “इकडे या.”

ते आले. माझं त्यांनी का ऐकलं कोण जाणे. मी मोकळ्या हातानं त्यांच्या बंदुकीची नळी धरली आणि डोळा आणि कान यांच्या मध्ये, जरा मागं, टेकवली.

“इथं,” मी म्हटलं. “नऊ लोळवलेत ना? आता हा पहिला लोळवा.”

त्यांनी चाप ओढला. तेवढं त्यांना येत होतं.

तिथून दहाव्या दिवशी शहरानं शरणागती पत्करली. फाटकं उघडली, धान्याच्या गाड्या आत आल्या. दहा दिवस. हे मी यांना कधी म्हणाले नाही आणि त्यांनी मला कधी म्हटलं नाही.

पण गोदा गेली त्याचा दुसरा दिवस सांगायचा राहिला.

सकाळी क्लेमाँस वर्तमानपत्र घेऊन आली. “तुमची गोदा छापून आलीय,” म्हणाली आणि कागद पसरला. चित्रात काउंटसाहेब एक पाय पुढं टाकून उभे होते. समोरून डोंगराएवढा हत्ती चालून येत होता, त्याला वाकडे, टोकदार दोन लांबलचक सुळे. कोपऱ्यात एक उघडाबंब काळा माणूस गुडघ्यांवर पडून हात जोडत होता.

“हा तुझा नवरा?”

“असेल.”

“आणि तू कुठंयस?”

“मी नाहीये.”

“बरं झालं,” क्लेमाँस म्हणाली.

“हत्तिणीला असे सुळे नसतात,” मी तिला सांगितलं.

“काउंटना तरी कुठं असतात?” ती म्हणाली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

दुपारी बोनार आला. पीठ आणलं नव्हतं. पीठ म्हणे मेजवानीच्या पेस्ट्रीला लागलं, पाहुणे फार आले. त्यानं मेणकागदात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं. “आठवण म्हणून,” म्हणाला, आणि त्याला हुंदका आला. मी दार उघडून धरलं तेव्हा गेला.

हे आदल्या दिवसापासून कोपऱ्यात बसले होते. मी पुडक्याला हात लावला नाही, पण डोळे तिकडेच जात होते. मग हे उठले. मला वाटलं, उचलून खिडकीबाहेर फेकतील. त्यांनी सुरी घेतली, चूल पेटवली, पाणी ठेवलं. तीन तास उकळलं ते. तीन तास मी भिंतीकडे बघत बसले, आणि वास येत होता, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटत होतं.

त्यांनी वाटी आणून माझ्यापुढं धरली.

“खा.”

“हराम आहे,” मी म्हटलं.

“जीव जात असला की माफ असतं.”

“अहो, कुणाचं आहे ते...”

“मीच कापलंय, जैतून. मला काय विचारतेस?”

मी वाटी घेतली नाही. ते माझ्यासमोर खाली बसले.

“काउंटनं खाल्लं असेल,” ते म्हणाले. “त्या खिडकीतल्या बायांनी खाल्लं असेल. बोनारही रडत रडत खाईल आज. एवढ्या सगळ्यांच्या पोटात गेली ती. एका तरी घरच्या माणसाच्या पोटात जाऊ दे.”

“मग तुम्हीही घ्या.”

“मला हक्क नाही. तिला बसवलं तू.”

त्यात राग होता की आणखी काही, ते मला तेव्हा कळलं नाही. तीस वर्षं संसार केला त्यांच्याबरोबर, परत कृष्णाकाठी आलो, त्यांनी दुसऱ्या हत्तीला हात लावला नाही, मेंढरं राखली. अजून कळलेलं नाही.

पॅरिसचं नाव कुणी काढलं की मी आजही त्या लोकांचा उद्धार करते. आमची गोदा खाल्ली त्यांनी, म्हणते, आणि वर सोनेरी अक्षरांत छापलं, डचेसचा रस्सा, जुन्या शेरीसह. चव म्हणे फार नाजूक होती. ऐकणाऱ्या बाया तोंडाला पदर लावतात. तिथं मी गोष्ट थांबवते. मुलगी एप्रिलात झाली, धडधाकट, मोठ्या आवाजाची. आता तिला नातवंडं होतील. तिला तर काउंटसाहेबांचे बूट भिजले तिथपर्यंतच ठाऊक आहे.

नाजूक वगैरे काही नव्हतं. चिवट होतं, दोरखंड चघळावा तसं, आणि घरात मीठही नव्हतं. मी एक घास घेतला. मग दुसरा. मग बोटं वापरायची सोडली आणि वाटीच तोंडाला लावली. हे माझ्याकडे बघत होते, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

रिकामी वाटी मी त्यांच्यापुढं धरली.

“आणखी आहे का?” मी विचारलं.